बैल कोण याची चौकशी

कोणी येऊन सांगितले की तहसीलदार असे असे म्हणाले, की काकाजी मान वर न करता विचारीत, "अस्सल कुठं हाय?" अस्सल म्हणजे मूळ कागद. तो नसेल तर तहसीलदार काही म्हणालेच नाहीत असे समजून ते पुन्हा लिहू लागत. या हिशेबाने जगातले निम्म्याहून अधिक बोलणे त्यांच्यापुरते झालेलेच नव्हते.

मध्यप्रांताच्या काळातली गोष्ट आहे. नागपूरच्या एका कचेरीत नकलांचा विभाग होता. कोर्टाचे निकाल, साक्षीदारांच्या जबान्या, जमिनीचे कागद यांच्या नकला लोकांना लागत आणि त्या आम्ही सहाजण हाताने उतरवून देत असू. मी तिथे लागलो तेव्हा काकाजींची तिथे पंचवीस वर्षे झाली होती. बेसा या गावाहून ते रोज दोन तास पायी येत, कचेरीच्या नळावर पाय धूत, खुंटीवरचा काळा कोट धोतरावर चढवीत आणि बसत. दुपारच्या भाकरीशिवाय उठत नसत.

नक्कल झाली की तिचा मुकाबला करायचा असे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवीत तो ऐकायचा. काकाजी वाचीत तेव्हा स्वल्पविरामसुद्धा वाचीत. खाडाखोड वाचीत, शाईचा डाग वाचीत. "इथं तेलाचा डाग, रुपयाएवढा," असे ते खून झालेल्या माणसाच्या पंचनाम्यातही त्याच सुरात म्हणत. ही सवय कचेरीबाहेरही जात असे. त्यांच्या मुलीच्या लग्नात ते भटजींच्या शेजारी पोथी घेऊन उभे होते आणि तिसऱ्या मंगलाष्टकात त्यांनी भटजींना थांबवले. एक ओळ सुटली होती. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, पण भटजींना ती ओळ मागे जाऊन म्हणावी लागली. निरोप सांगतानाही तेच. "साहेब म्हनले, कागद — इथं ते दोनदा खोकलले — उद्या आना."

आमचा सुपरिंटेंडंट सागरकडून बदलून आलेला. त्याला पदवी हवी होती. कोणती, याबद्दल त्याचा आग्रह नव्हता. रावसाहेबही चालले असते. दरवाजावरची त्याच्या नावाची पाटी दरवाजाच्या मानाने मोठी होती. तो यायच्या आधी चपराशी येऊन खोलीत नुसता उभा राही, म्हणजे आम्ही उभे राहायचे. मग तो येई, कालच्या नकला उघडी आणि चूक सापडली की त्या माणसाला खोलीच्या मधोमध बोलावून ती त्याच्याच तोंडून वाचून घेई. "मोठ्याने. मागच्यांना ऐकू जात नाही." मागे भिंत होती. माणूस वाचू लागला की तो त्याच्या बापाबद्दल, गावाबद्दल, चालण्याबद्दल बोले. एका म्हाताऱ्या नकलनविसाचा हात कापे. त्याला तो रोज सकाळी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला सगळ्यांच्या टेबलांवरून फिरवून आणायला लावी. आम्ही माना खाली घालून लिहीत असू. त्या दिवसांतल्या आमच्या नकला फार सुबक आहेत.

मला पहिल्यांदा 'बैल' म्हटले गेले तेव्हा काकाजी जागेवरून उठले, हात जोडले आणि अदबीने म्हणाले, "साहेब, हे लेखी भेटन का?"

"काय?"

"आत्ता जे म्हनले ते. तोंडी हुकमाचा भरोसा नसते, हुजूर. उद्या कोनी म्हनन, साहेब म्हनलेच नाई."

सुपरिंटेंडंटने त्यांच्याकडे पाहिले, हसला, चिठ्ठीचा कागद ओढला आणि तांबड्या शाईने लिहिले, "बैल." खाली सहीसुद्धा केली. त्याला ती गंमत वाटली, आणि ती गंमत पुढे त्याची सवय झाली. तोंडी अपमान झाला की काकाजी उठत, मागत, आणि तो लिहून देई. काकाजी ती चिठ्ठी वाचीत, तिची नक्कल करून आपल्या कापडी दप्तरात ठेवीत आणि मूळ चिठ्ठी, तिच्याखाली 'पाहिले' असा शेरा मारून, त्याच्या टेबलावर परत ठेवीत. सरकारी कागद घरी नेणे त्यांना चोरी वाटे. संध्याकाळी सुपरिंटेंडंट त्या चिठ्ठ्या फाडून टोपलीत टाकी.

मला हा सगळा वेडेपणा वाटे. मी वाचनालयाचा वर्गणीदार होतो आणि मनःशांतीवरची पुस्तके मला फार आवडत. ती लिहिणाऱ्यांवर बहुधा कोणी सुपरिंटेंडंट नसावा, पण हे मला तेव्हा सुचले नाही. दुपारी वऱ्हांड्यात भाकरी खाताना मी काकाजींना ऐकवी, "बोलणारा बोलतो. आपण लावून घेतले नाही की झाले. माणसाने कातडी कमवावी."

"कातडी मेलेल्या जनावराची कमावतात, भाऊ. जित्याची नाई."

"मग काय, सरकार येऊन याचे तोंड धरणार आहे?"

"काहून नाई धरनार? त्याले खुर्ची कोनं देल्ली? सरकारनं. मंग खुर्चीवरून तो जे बोलून राहिला तेबी सरकारचंच. सरकारनं निस्तरावं."

"सरकारला कळणार कसे?"

"सरकारले डोये नसतात, कान नसतात. बारनिशी असते." आलेल्या कागदांची नोंदवही म्हणजे बारनिशी. "तिच्यात कागद चढला का सरकार जागं होते. माह्यापाशी नकला हायेत, फक्त दुसरी सई नाई. मुकाबल्याबिगर नक्कल म्हंजे रद्दी. याईले इचारून पाह्यलं," त्यांनी खोलीकडे भाकरीचा तुकडा केला. "सगळे म्हनतात, आमाले काई वाटत नाई."

मलाही काही वाटत नव्हते. मात्र घरी मी एका जागी बसू शकत नसे. कचेरी सुटली की महाल भागातल्या घरी जाण्याऐवजी सीताबर्डीपर्यंत चालत जाई, तिथे काही काम नसल्याने परत येई, पुस्तक उघडी आणि तेच पान तीनदा वाची. बायको म्हणे, चपला तरी काढा. त्या पायांतच राहत. मी ते उन्हाळ्यावर ढकलले.

उन्हाळा खराच कडक होता. वाळ्याचे पडदे एकट्या सुपरिंटेंडंटच्या खोलीला. अशाच एका दुपारी सावनेरकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, जबानीची नक्कल मी केली आणि एक ओळ गाळली. सुपरिंटेंडंटच्या टेबलावर मूळ जबानी आणि माझी नक्कल एकावर एक पडली होती. माझी चूक दिसताच त्याने कलम उचलले आणि समासात तांबड्या शाईत लिहिले, 'हा इसम बैल आहे. यास काढून टाकावे.' नक्कल त्याने फाडली. लिहिले होते ते मूळ जबानीवर.

नवी नक्कल काकाजींकडे आली आणि मुकाबल्याला मी बसलो. मूळ कागद माझ्या हातात होता. मी वाचीत गेलो आणि समासाशी अडलो.

"थांबले काहून?"

"काकाजी, इथे समासात तांबड्या शाईत काही आहे."

"हाय. म्याबी उतरवलं. वाचा."

"अहो, पण हे माझ्याबद्दल आहे."

"तसं लिवलं हाय का तिथं?"

तसे लिहिलेले नव्हते. मूळ कागदावर जे आहे ते गाळायचा अधिकार नकलनविसाला नसतो, हे खरे. सुपरिंटेंडंटच्या खोलीत जाऊन "साहेब, आपण चुकून अस्सलवर लिहिलेत" असे सांगता आले असते, हेही खरे. पण त्याची चूक त्याला सांगणारा माणूस त्या खोलीत उरला नव्हता. ते त्याचेच काम होते, आणि त्याने ते मन लावून केले होते. मी वाचले, "हा इसम बैल आहे, पूर्णविराम. यास काढून टाकावे, पूर्णविराम." काकाजींनी बोट फिरवले. आम्ही दोघांनी सह्या केल्या. 'अस्सलबरहुकूम नक्कल' या शिक्क्याखाली सुपरिंटेंडंटनेही केली, न वाचता, कारण चूक काढायला नकलनवीस समोर उभा नसला की तो काहीच वाचत नसे.

आठवड्याने मालगुजार आला. टांग्यातून उतरतानाच बोलत होता आणि मागून वकील त्याचे उपरणे सावरीत होता. तो थेट आमच्या खोलीत शिरला.

"कोनं लिवलं हे? मी जबानी देल्ली तवा सायबानं मले बसाले खुर्ची देल्ली. आन मांगून बैल लिवलं? बैल माह्या घरी चाळीस हायेत, पन त्याईले कोनी मोहर मारून नाई देत गा."

"शब्दापेक्षा दुसरे वाक्य गंभीर आहे," वकील म्हणाला. "काढून टाकावे म्हणजे कशावरून? मालगुजारीवरून?"

हे ऐकून मालगुजार बसला. गाव हातचे जाणार, अशी धास्ती त्याने सावनेरपासून बरोबर आणली होती.

आता सरकार जागे झाले. इतकी वर्षे आमच्या खोलीत माणसांना जनावरांची नावे दिली जात होती त्याने ते कुशीवरही वळले नव्हते. एका मालगुजाराला तसे वाटले मात्र, चौकशी लागली. नेमलेला गोरा साहेब नवा होता आणि परीक्षा देऊन मराठी शिकलेला होता. त्याने मूळ जबानी डोळ्यांजवळ धरली आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "या कागदात बैल कोण आहे?" फायलीवर हाच विषय पडला. शेरा मालगुजाराबद्दल असेल तर सुपरिंटेंडंटची पदवी गेली, कदाचित खुर्चीही. कारकुनाबद्दल असेल तर ती शिस्त. साहेबाने मला दुसऱ्या दिवशी लेखी जबाब द्यायला सांगितले.

सुपरिंटेंडंटने मला खोलीत बोलावले आणि "बसा" म्हणाला. तीन वर्षांत मी त्याच्यासमोर बसलो नव्हतो. वाळ्याचा गार वास येत होता.

"एका ओळीचे काम आहे. लिहायचे, शेरा माझ्याबद्दल असून तो रास्त आहे. बस्स. तुम्ही हंगामी आहात ना अजून? कायम करायच्या याद्या पुढच्याच महिन्यात जातात." मग जरा थांबून, "घरी सातवा लागला आहे म्हणतात. छान."

हे त्याला कोणी सांगितले ते मला कधी कळले नाही.

बाहेर काकाजी वाट पाहत होते. इतक्या दिवसांत मी त्यांना कामाच्या वेळी खोलीबाहेर पाहिले ते तेव्हाच. "दोन ओळी लिवा, भाऊ. पयली, शेरा माह्याबद्दल हाय. दुसरी, मले असं रोज म्हनतात. बाकी माह्या दप्तरात हाय. सरकारनं तोंड उघडून इचारलं. आता खरं सांगतलं तर त्याले आयकाच लागन."

"आणि मला काढले तर?"

"काढू शकतात," ते म्हणाले. त्यांना खोटे आश्वासनही देता येत नसे. त्याचे अस्सल कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी मी लिहिले. पहिली ओळ दोघांनाही चालणारी होती. दुसरी, म्हणजे 'तो रास्त आहे' ही, सुपरिंटेंडंटची होती. साहेबाने जबाब म्हाताऱ्या मालगुजाराला वाचून दाखवला तेव्हा त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "हा हाय का? बरा दिसते हो मानूस." त्याच्या तोंडावर इतके सुख पसरले की मला त्याचा राग येईना. जाताना त्याने माझ्या जबाबाची नक्कल मागून घेतली. गावात दाखवायची होती.

सगळे उठणार तोच काकाजी दप्तर घेऊन आत आले. कोणी बोलावले नव्हते. त्यांनी ते साहेबाच्या टेबलावर सोडले आणि वर्षवार लावलेल्या चिठ्ठ्यांच्या नकला समोर मांडल्या. प्रत्येकीवर 'तांबडी शाई', 'सहीसह', 'कोपरा दुमडलेला' अशा नोंदी, आणि पाठीमागे ज्याला म्हटले त्याचे नाव.

साहेबाने काही वाचल्या. त्याचा चेहरा बदलला. तो वाईट माणूस नव्हता. "या नकला आहेत. मूळ कागद?"

"साहेबाले परत केले, हुजूर. सरकारी होते."

"मला असले कागद माहीत नाहीत," सुपरिंटेंडंट म्हणाला.

"नकलांचा मुकाबला कोणी केला आहे?"

काकाजी कागदांच्या कडा जुळवू लागले. आयुष्यभर ज्या नियमाने त्यांनी जगाला तोलले त्या नियमाने त्यांचे दप्तर रद्दी होते, आणि ते त्यांना साहेबापेक्षा जास्त कळत होते. साहेबाने पुन्हा चाळले आणि मला जवळ बोलावले. "यांतल्या अकरा तुमच्याबद्दल दिसतात. असे तुम्हांला लिहून दिले होते काय? तुम्ही हो म्हटले तर मी पुढे जाईन."

तो खरेच गेला असता, असे मला वाटते. माझा जबाब अजून टेबलावरच पडला होता. सुपरिंटेंडंट माझ्याकडे पाहतही नव्हता. तो खिडकीबाहेर पाहत होता. काकाजी पाहत होते.

मी म्हणालो, "आठवत नाही, साहेब."

"नक्की?"

"आठवत नाही."

काकाजींनी नकला गोळा केल्या. दप्तराची गाठ मारता मारता म्हणाले, "हुजूर, तेबी लिवून घ्या. 'आठवत नाही.' दोनदा म्हनले, दोनदा लिवा." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

चौकशीवर सरकारी हुकूम महिन्याने आला आणि तो सुपरिंटेंडंटनेच आम्हांला उभे करून वाचून दाखवला. यापुढे मूळ कागदावर किंवा सुट्या चिठ्ठीवर नोकरवर्गाच्या वर्तनाबद्दल शेरा लिहू नये. जी समज द्यायची ती तोंडीच द्यावी. सरकारी कारवाई म्हणतात ती ही. तांबड्या शाईची दौत त्याच दिवशी उचलली गेली. दुसऱ्या दिवशी त्या कापऱ्या हाताच्या म्हाताऱ्याला पेला घेऊन फिरवले जात असताना काकाजी सवयीने उठले, हात जोडले आणि तसेच राहिले. "काय, लेखी पाहिजे?" सुपरिंटेंडंट म्हणाला. "सरकारची मनाई आहे." खोली हसली. मीही हसलो. याद्या गेल्या होत्या, पण कायम केल्याचा हुकूम यायचा होता.

मी कायम झालो. मुलगा झाला. सुपरिंटेंडंटला पदवी मिळाली आणि दुसऱ्या जिल्ह्यात बढती. निरोपाच्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत उभा आहे, चेहरा जरा हललेला. काकाजी माझ्याशी पहिल्यासारखेच वागत, मुकाबल्यालाही बसत. बदललो होतो मी. त्यांनी वाचताना क्षणभर दम घेतला तरी मला वाटे, आता काहीतरी बोलतील. ते स्वल्पविराम म्हणत.

वर्षभराने त्यांना पेन्शन झाली. त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते महालात माझ्या घरी आले. बेशाहून चालत आलेले. ओट्यावर बसून त्यांनी पाणी घेतले, बायकोला बाळाचे विचारले, मग म्हणाले, "आता तुमी कायम हाव आन मी मोकळा. एक इचारून जातो. आठवते का?"

मी दाराकडे पाहिले. बायको तिथेच उभी होती.

"आठवते," मी म्हणालो. "अकराही."

"मंग लिवून द्या."

"काकाजी, आता काय उपयोग? तो गेला इथून."

"उपेगाचं म्या नाई इचारलं."

"काय कराल त्याचे?"

"उद्या बारनिशीत देतो. नंबर घेतो."

म्हणजे नव्या सुपरिंटेंडंटच्या टेबलावर माझ्याच अक्षरात एक कागद जाणार होता, की मी साहेबासमोर खोटे बोललो. कायम माणसाला काढायला तेवढे पुरते. हे त्यांना माहीत होते. मी आत गेलो, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो. ते हलले नाहीत. शेवटी बायको म्हणाली, "अहो, देऊन टाका लिहून. वर्षभर या घरात तुम्हांला एका जागी बसलेले पाहिले नाही मी."

मी ओट्यावर बसून चार ओळी लिहिल्या. काकाजींनी कागद घेतला, दप्तरातल्या अकरा नकला एकेक काढून मला वाचायला लावल्या, आपण बोट फिरवीत ऐकल्या आणि प्रत्येकीवर माझी सही घेतली. मग माझ्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले.

"तारीख राहिली."

मी कलम पुन्हा बुडवले. "चौकशीच्या दिवसाची घालू?"

"कायले? त्या दिवशी तुमाले नव्हतं आठवत. आजची घाला."

मी त्या दिवसाची तारीख घातली. शाई वाळेपर्यंत ते थांबले, मग कागद दप्तरात ठेवून बेशाच्या वाटेला लागले.